कोयनेचे जंगल वजनात मोजायचे तर

पावसाळा लागला की कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरच्या पावसाचा आकडा रोज छापून येतो. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, आजचा साठा किती, दरवाजे किती फुटांवर, विसर्ग किती क्युसेक, हे पाटणपासून सांगलीपर्यंत शाळकरी पोरेही सांगतात. हे पाणी ज्या डोंगरांवरून उतरते, त्यांच्या अंगावरच्या जंगलाचे वजन किती, त्यात कार्बन किती साठला आहे, याची चर्चा मात्र होत नाही. कोयना अभयारण्य १९८५ सालचे, सुमारे ४२३ चौरस किलोमीटरचे. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे आणि २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत. एवढ्या मोलाच्या जंगलाची मोजदाद नीट व्हायला हवी.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था साधारण दर दोन वर्षांनी अहवाल काढते. उपग्रहाला एक हेक्टरहून मोठ्या जागेवर दहा टक्के झाडोरा दिसला, की ती जागा वनाच्छादनात धरली जाते. मग ती आमराई असो की देवराई. राज्याचा अंदाज बांधायला हे ठीक आहे. नवज्याच्या वरच्या एखाद्या उतारावर दहा वर्षांत जंगल भरले की विरळ झाले, हे त्यातून कळत नाही. तिथे ड्रोन कामाला येतो.

लायडार बसवलेला ड्रोन लेसरचे लाखो ठिपके खाली सोडतो. काही शेंड्यावर आदळून परततात, काही पानांच्या फटीतून जमिनीपर्यंत पोचतात. दोन्हींतला फरक म्हणजे झाडोऱ्याची उंची. नुसत्या कॅमेऱ्याच्या ड्रोनला ही सोय नाही. दाट अंजनी-जांभळीच्या रानात त्याला जमीनच दिसत नाही. आईन, किंजळ पानगळीचे; त्यांच्या पट्ट्यात उन्हाळ्यात उड्डाण केले तर निदान खालचा उतार टिपता येतो. पावसाळ्याचे चार महिने धुक्यामुळे ड्रोन पेटीतच राहणार.

पण उंची म्हणजे वजन नव्हे.

एक जांभूळ घ्या. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, गोलाई १५७ सेंटिमीटर. म्हणजे व्यास ५० सेंटिमीटर. उंची १२ मीटर. लाकडाची घनता ०.७ धरली आणि उष्ण कटिबंधातल्या जंगलांसाठी २०१४ साली मांडलेले, जगभर वापरले जाणारे समीकरण लावले, तर जमिनीवरच्या भागाचे कोरडे वजन सुमारे ११०० किलो येते. त्यातला ४७ टक्के कार्बन धरण्याची पद्धत आहे, म्हणजे पाचशे किलोंच्या पुढे. आता शेजारी तेवढ्याच गोलाईचा, तेवढ्याच उंचीचा पांगारा उभा आहे असे समजा. त्याचे लाकूड हलके, घनता ०.३ च्या आसपास. त्याचे वजन भरते ४९० किलो. वरून पाहणाऱ्या ड्रोनला दोघांची उंची सारखीच दिसते. कोणते झाड कोणते, हे सालीवर हात फिरवून आणि पान चुरगळून सांगणारा माणूस खालीच लागतो.

त्या समीकरणामागे ५८ ठिकाणची चार हजारांवर झाडे तोडून, तोलून घेतलेली मापे आहेत. तरी कड्यावरच्या वाऱ्याने खुरटलेल्या अंजनीला ते किती लागू पडते, हे इथेच तपासले पाहिजे.

झाडे मोजण्यासाठी जमिनीवर नमुन्याचे प्लॉट आखावे लागतात. ते आखण्यातही डोंगर फसवतो. ०.१ हेक्टरचा चौरस प्लॉट म्हणजे बाजू ३१.६ मीटर. तीस अंशांच्या उतारावर टेप जमिनीला धरून तेवढीच सोडली, तर आडवे अंतर भरते जेमतेम २७.४ मीटर. ड्रोनचा नकाशा आडव्या अंतराचा, प्लॉट तिरक्या अंतराचा. दोन्हींचा मेळ बसेल कसा? त्यात दाट झाडीखाली साधा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे जातो. मग प्लॉटमधल्या जांभळाची उंची नकाशात भलत्याच झाडाला चिकटते. कारवीची गोष्ट आणखी वेगळी. तिच्या काठ्या इतक्या बारीक, की गोलाईच्या नोंदीत त्या बसतच नाहीत. साधारण सात-आठ वर्षांनी ती फुलते आणि अख्खा उतार वाळून जातो.

म्हणून वनविभागाने आधी कायमचे प्लॉट आखावेत, ड्रोन त्यानंतर उडवावा. नदीकाठ, मधला उतार, कडा, पुनर्वसनानंतर ओस पडलेली शेते, अशा प्रत्येक प्रकारच्या जागेत प्लॉट हवेत. झाडांना क्रमांकाचे पत्रे ठोकावेत आणि ठरावीक वर्षांनी तीच झाडे पुन्हा मोजावीत. हे काम बाहेरून चार दिवसांसाठी आलेल्या पथकाचे नाही. बीटवरचे वनरक्षक, वनमजूर आणि रानाची ओळख असलेली काठावरच्या गावांतली माणसे यांना त्याची रीतसर मजुरी मिळावी. धरणामुळे आणि अभयारण्यामुळे उठावे लागलेल्यांच्या मुलांना या कामात पहिला हक्क असावा. ड्रोनच्या भाड्याला पैसा मिळतो आणि टेप धरणाऱ्याच्या मजुरीला मिळत नाही, असे झाले तर सुंदर रंगीत नकाशे हाती येतील आणि त्यांतले आकडे चुकीचे असतील.

वजनाचा आकडा हाती आला की तो वाढवण्याचा मोहही येणार, विशेषतः कार्बनच्या बदल्यात पैसे मिळू लागल्यावर. कोयनेच्या माथ्यावरचे कातळी सडे आणि ओस शेतांवरचे गवताचे माळ या हिशेबात जवळपास शून्य भरतात. पण सड्यावर पावसाळ्यात फुलणाऱ्या कितीतरी वनस्पती खालच्या रानात सापडत नाहीत, आणि माळावर गवे चरतात. तिथे खड्डे खणून रोपे लावली की कागदावरचा कार्बन वाढेल आणि गवत जाईल. मोजणीच्या आराखड्यातच सडे आणि माळ वृक्षलागवडीतून वगळल्याचे लेखी यायला हवे, आणि तेही पहिले उड्डाण होण्याआधी.