फटफटीचा आहार

फटफटीचे वेड एकदा जडले की जन्मभर सुटत नाही. आमचेही सुटलेले नाही. पण १९५५ पासून मद्रासेत जुळू लागलेल्या बुलेटच्या जुन्या पिढीला लाडाने १०० ऑक्टेनचे महागडे पेट्रोल पाजणारे पाहिले, की हसू येते. वाचकहो, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे; दाबाखाली अवेळी न भडकण्याचा गुण. त्या लोखंडी इंजिनात दाब मुळातच बेताचा! तिला साधे पेट्रोल पुरे. खरी काळजी निराळीच. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते (आमच्या साखर कारखान्यांचाही त्यात वाटा). ते पाणी ओढते, जुने रबर फुगवते. म्हणून रबरी नळ्या आधी बदलाव्यात. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल, तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा.