दादा, एवढं एक गणित सोडवून द्या ना!

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की फर्स्ट इयरच्या पोरापोरींकडून हे वाक्य दिवसातून चारदा तरी ऐकू येतं. फिजिक्सची नाहीतर मेकॅनिक्सची असाइनमेंट उद्या द्यायची असते, दहापैकी सहा गणितं कोरी असतात आणि समोर कोणीतरी सिनियर दिसतो. आमच्या वरठीला तर हे सगळं प्लॅटफॉर्मवरच चालतं. (नवीन माणसासाठी: गाव वरठी, पण स्टेशनची पाटी 'भंडारा रोड'. भंडाऱ्याचं तिकीट काढून उतरलेला पाहुणा इथे हमखास गोंधळतो, कारण शहर गाठायला पुढे ऑटो लागतो.) नागपूरला अप-डाऊन करणारी पोरं गाडीची वाट बघत बाकावर वह्या काढून बसतात आणि 'सनफ्लॅग'ची शिफ्ट सुटलेले काका लोक मजेने बघत जातात.

गणित दुसऱ्याला विचारणं ही लाजेची गोष्ट नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. लाज वाटावी असं काही असेलच तर ते 'सोडवून द्या'मध्ये आहे. आणि त्यात मागणाऱ्यापेक्षा देणाऱ्याची चूक जास्त. दादा लोकांना आपण किती हुशार आहोत हे दाखवायचं असतं. ते पेन हिसकावून घेतात, अडीच मिनिटांत पान भरतात आणि वर विचारतात, "समजलं ना बे?" समोरचा मान हलवतो. दुसरं काय करणार? गाडी आलेली असते.

एक गणित घेऊ. आपला जिल्हा धानाचा, म्हणून पोत्याचंच घेतो. ५० किलोचं पोतं ट्रकला लावलेल्या फळीवरून वर ढकलायचं आहे. फळी जमिनीशी ३० अंशांत, घर्षणाचा गुणांक ०.४. एकसारख्या वेगाने ढकलायला फळीला समांतर किती बल लागेल? g ऐवजी ९.८ घाला. उताराच्या दिशेने खाली ओढणारा भाग म्हणजे एमजी साइन थीटा, तो २४५ न्यूटन. फळीचा लंब रेटा एमजी कॉस थीटा, सुमारे ४२४ न्यूटन. त्याच्या ०.४ पट घर्षण, म्हणजे जवळजवळ १७०. बेरीज ४१५ न्यूटन. झालं गणित, चार ओळींचं.

पण खरी मजा चुकलेल्या उत्तरांत आहे. ज्याचं उत्तर ४४१ आलं, त्याने लंब रेटा सरळ एमजी धरला, फळी तिरपी आहे हे विसरला. ज्याचं ७५ आलं, त्याने घर्षण उलट्या दिशेला दाखवलं. ज्याचं ५२२ आलं, त्याने साइन-कॉसची अदलाबदल केली. अन् त्याला फॉर्म्युला सांगायची गरजच नाही. पोतं सरळ उचलायला ४९० लागतात आणि फळीवरून ५२२, तर हमालाने फळी लावलीच कशाला, एवढं विचारलं की तो स्वतःच वही उघडतो. ज्याचं उत्तर जेमतेम ४२ आलं, त्याने ५० किलोलाच वजन समजून ९.८ ने गुणलंच नाही.

म्हणजे चुकलेलं उत्तर हा डॉक्टरला दाखवायचा रिपोर्ट आहे. कोऱ्या वहीला काय रिपोर्ट असणार? आणि उतरवलेल्या वहीचा रिपोर्ट तर दुसऱ्याचाच असतो. म्हणून मी एक सवय लावून घेतली आहे. कोणी आलं की पहिले विचारतो, "आकृती दाखव." आकृती नसेल तर मागच्या बाकावर बस, काढून आण. आकृती असेल तर दोनच प्रश्न: कोणत्या वस्तूचा विचार करतो आहेस? तिला कोण कोण हात लावून आहे? पोत्याला फळी, ढकलणारा माणूस आणि पृथ्वी. बस, तीन. चौथा बाण कुठून आला ते सांग. बहुतेक वेळा तो चौथा बाण 'वेगाचं बल' म्हणून आलेला असतो. वस्तू जाते आहे म्हणजे त्या दिशेला बल असलंच पाहिजे, ही समजूत आपल्या सगळ्यांच्या हाडीमासी आहे. ती भाषणाने जात नाही, बाण पुसायला लावल्यावर जाते.

यात भाषेचा भाग मोठा आहे, पण त्यावर कोणी बोलत नाही. आमच्यातले कितीतरी जण दहावीपर्यंत मराठी माध्यमाचे. आम्ही त्वरण, संवेग, वस्तुमान शिकलो आणि मग एकदम अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम, मास. शब्दांची अदलाबदल महिनाभरात जमते. अडचण वेगळीच असते. बाजारात 'वजन पन्नास किलो' म्हणतात आणि पुस्तकात वजन न्यूटनमध्ये. घरी 'जोर लाव' म्हणतात. तो जोर म्हणजे बल, कार्य की शक्ती? हे प्रश्न वर्गात इंग्रजीतून विचारायची हिंमत होत नाही. प्लॅटफॉर्मवर मात्र पोरगी बिनधास्त विचारते, "दादा, घर्षण इकडं काहून दाखवलं? पोतं तर वर चाललं ना!" हा प्रश्न सोन्यासारखा आहे. तो फक्त आपल्या बोलीतच विचारता येतो. २०२१ पासून एआयसीटीईने मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायची मुभा दिली आहे, चांगलंच झालं. पण शंका मराठीत विचारायला कोणाची मुभा लागत नव्हतीच.

एकत्र अभ्यास म्हणजे टाइमपास, असं घरचे म्हणतात. त्यांच्यासाठी एक उदाहरण. अमेरिकेत बर्कली विद्यापीठात १९७०च्या दशकात युरी ट्राइसमन यांनी पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये काही मुलं मागे का पडतात याचा शोध घेतला. कृष्णवर्णीय मुलं कष्टाळू होती, पण बहुतेक एकेकटी अभ्यास करत. चिनी वंशाची मुलं आधी आपापलं सोडवून बघत आणि मग एकत्र बसून उत्तरं ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत. ट्राइसमन यांनी मग अवघड गणितं गटात सोडवण्याचे वर्ग सुरू केले आणि त्यांचा चांगला परिणाम दिसला. इथे 'आधी आपापलं' हे दोन शब्द महत्त्वाचे. ते सोडून नुसतं एकत्र बसलं की घरचे म्हणतात तेच होतं!

आता कोणी म्हणेल, दादा कशाला पाहिजे, मोबाईल आहे ना. खरं आहे. पूर्वी झेरॉक्सवाल्याकडे रांग लागायची, आता गणिताचा फोटो टाकला की पूर्ण उत्तर हजर, वर स्पष्टीकरणासकट. मी मोबाईलच्या विरोधात नाही. एच. सी. वर्मांच्या पुस्तकात (१९९२ पासून पोरं तेच वापरतात) सोडवलेली उदाहरणं आहेतच की. पण ती वाचताना उत्तरावर पट्टी ठेवून एकेक ओळ उघडणारा वेगळा आणि सरळ उतरवणारा वेगळा. मोबाईलवरही तसंच. फरक इतकाच की मोबाईल कधी वैतागून म्हणत नाही, "आधी आकृती काढून आण."

आता आपल्या सरांना एक विनंती. असाइनमेंटच्या शेवटी एक ओळ ठेवा: 'कोणाची मदत घेतली, आणि कुठे.' आज साठ वह्यांत तेच गणित, तीच खाडाखोड, कधीकधी तीच स्पेलिंग मिस्टेक असते आणि प्रत्येक जण 'स्वतः केलं' म्हणतो. सगळ्यांना माहीत असतं, सरांनाही. मदत लपवावी लागली की ती चोरीच होते. उघड लिहिता आली तर 'घर्षणाची दिशा अमक्याने दाखवली, बाकी मी' असं पोरं लिहितील. चुकलेल्या पण स्वतः काढलेल्या आकृतीला एखादा मार्क द्या. तपासायला वेळ जास्त लागेल, हे कबूल. पण व्हायवात सर जेव्हा विचारतील, "हेच पोतं खाली उतरवायचं असेल तर?" तेव्हा समोरचा छताकडे बघणार नाही. आणि हो, तिथे उत्तर ७५ न्यूटनच येतं, तेही वरच्या दिशेने. का, ते या अंकात छापणार नाही. वरठीच्या बाकावर या, आकृती घेऊन.