पथ्य घरच्याच पातेल्यातलं

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा गरोदर बाईला खेड्यापाड्यांत पोटभर जेवू देत नसत. मूल मोठं होऊन बाळंतपण अडेल ही भीती. ती समजूत मोडली गावातल्याच, बहुतेक निरक्षर असलेल्या आरोग्यसेविकांनी, घरोघरी चुलीपाशी बसून. मला ती चुलीपाशी बसण्याची रीत फार मोलाची वाटते. कारण आज दवाखान्यातून छापील आहारतक्ता मिळतो, त्यात ओट्स असतात, ब्रोकोली असते, आणि घरात असते बाजरीची भाकरी. गहू न सोसणाऱ्या सिलिअ‍ॅकच्या मुलाला हीच भाकरी चालते, ज्वारीचीही चालते. बाजरी-ज्वारीत ग्लुटेन नसतं. पण गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळण टाकलं की जात्यात राहिलेली कणीक त्या पिठात उतरते, आणि मुलाचं पोट पुन्हा बिघडतं. दळण घरच्या चक्कीवर वेगळं काढा, हे आईला कुणीतरी बसून सांगायला हवं. मधुमेही आजोबांना भाकरी चालते, पण मोजून. किडनी अधू असलेल्याने तर ‘कमी सोडियमचं’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये, त्यात पोटॅशियम असतं. क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत सरकार पोषणासाठी दरमहा १००० रुपये देतं. ते अंडी, डाळ, शेंगदाण्यांवरच खर्च व्हावेत, एवढं तरी आशाताईंनी त्या घरात आवर्जून सांगावं.