दरवाढ, गृहिणी आणि एसटी

१२ नोव्हेंबर १९७३ रोजी अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले, ते इंदिरा गांधी सरकारच्या पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ. अरब राष्ट्रांनी तेलाचे शस्त्र उगारले होते ही सबब तेव्हाही उपलब्ध होती. तरीही सामान्य कुटुंबाच्या खिशाचा प्रश्न जनसंघाने संसदेच्या दारापर्यंत नेला. आज केंद्रात आपल्या विचाराचे सरकार आहे म्हणून तो प्रश्न विचारण्याचे आमचे कर्तव्य संपत नाही.

जिल्ह्याच्या गावातील एखाद्या नोकरदार घराचा हिशेब मांडून पाहावा. वडिलांची मोटारसायकल आणि क्लासला जाणाऱ्या मुलीची स्कूटी मिळून दिवसाला चाळीस किलोमीटर धावतात. महिन्याचे पंचवीस दिवस आणि लिटरला पन्नास किलोमीटर धरले, तर वीस लिटर पेट्रोल लागते. शंभर रुपयांच्या दराने त्याचे दोन हजार होतात. पंचवीस हजारांच्या मिळकतीत हा वाटा आठ टक्क्यांचा! गृहकर्जाचा हप्ता थांबत नाही, शाळेची फी थांबत नाही. मग कात्री लागते ती मुलांच्या आजोळच्या फेरीला, मावशीकडच्या बारशाला आणि पुष्कळदा दुधाच्या रतिबाला. ही कात्री गृहिणीच्या हाती असते आणि तिच्या मनाची ओढाताण कोणत्याही निर्देशांकात उमटत नाही. डिझेल वाढले की भाजी महागते, हा फटका निराळाच. मनमाडच्या डेपोपासून दूर असलेल्या परभणीकरांना तर टँकरच्या वाहतुकीचा भारही दरातूनच सोसावा लागतो.

मनमोहनसिंग सरकारने तेलरोखे काढून सव्वा लाख कोटींहून अधिक रुपयांचा बोजा पुढच्या सरकारांवर ढकलला, हे आम्ही विसरलेलो नाही. तथापि एवढ्या एका कारणाने पुढील करवाढीचे समर्थन होत नाही. २०१४ च्या मध्यास पिंपामागे शंभर डॉलरच्या वर असलेले कच्चे तेल जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरखाली आले. त्या घसरणीचा मोठा हिस्सा ग्राहकाऐवजी तिजोरीत गेला. २०१४ मध्ये पेट्रोलवर लिटरमागे ९.४८ रुपये असलेले केंद्रीय उत्पादन शुल्क मे २०२० मध्ये ३२.९८ रुपयांवर पोहोचले. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये मिळून तेरा रुपयांची कपात झाली, तिचे स्वागतच. नोव्हेंबर २०२१ मध्ये भाजपशासित राज्यांनी आपला करही उतरविला. महाराष्ट्रातील तत्कालीन आघाडी सरकारने मात्र तेव्हा हात आखडता घेतला. येथील मूल्यवर्धित कर टक्केवारीने आकारला जातो. त्यामुळे मूळ किंमत चढली की राज्याचे उत्पन्न आपोआप चढते. ग्राहक होरपळत असताना शासनाची प्राप्ती वाढावी, ही रचनाच सदोष आहे.

स्वदेशी इंधनाचा मार्ग योग्यच आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग २००१ मध्ये मिरज आणि मनमाड येथे झाले, अटलजींच्या काळात २००३ मध्ये कार्यक्रम सुरू झाला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. ऊस उत्पादकाला त्याचा आधार मिळाला. पण इथेनॉलची उष्णताशक्ती पेट्रोलहून कमी, म्हणजे गाडी थोडे कमी अंतर धावणार. ही तूट स्कूटीवाल्याच्या माथी न मारता दरातून भरून द्यावयास हवी.

खरा उपाय आपल्या दाराशीच आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या गाडीपासून एसटीने हा महाराष्ट्र जोडला. खांद्यावर शबनम टाकून एसटीच्या लाकडी बाकावर प्रवास करणारे प्रचारक आमच्या वाचकांनी पाहिले आहेत. (आज तालुक्याच्या बैठकीलाही मोटार लागते, हा विषय कार्यकर्त्यांनी आपसांत बोलावा.) मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, ही मोठी सोय आहे, परंतु क्लास सुटण्याच्या वेळी बसच नसेल तर सवलतीचा उपयोग काय? अशा वेळी बाप कर्ज काढून मुलीला स्कूटी घेऊन देतो आणि पेट्रोलचा खर्च घरात कायमचा मुक्कामाला येतो. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा बसने जाणाऱ्यांवरही भार पडलाच.

पेट्रोल-डिझेलच्या करातून राज्याला जे मिळते, त्याचा निश्चित वाटा एसटी आणि शहर बससेवेच्या नव्या गाड्यांसाठी राखून ठेवावा, अशी आमची मागणी आहे. राज्याच्या येत्या अर्थसंकल्पात ही रक्कम स्वतंत्र शीर्षाखाली दिसली पाहिजे आणि ती किती बसगाड्यांवर खर्च झाली, याचा जिल्हावार हिशेब पुढच्या वर्षी सभागृहात ठेवला गेला पाहिजे.