गर्दीच्या दिवसाची जागा

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता राज्य माध्यमिक मंडळाने दहावीचा निकाल जाहीर केला. करोनामुळे त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती. गुण अंतर्गत मूल्यमापनावर ठरले होते. साहजिकच उत्सुकता मोठी होती. सुमारे १६ लाख विद्यार्थी आणि त्यांची कुटुंबे एकाच घटकेस मंडळाच्या संकेतस्थळाकडे वळली, आणि ते कोलमडले. लातूर विभागीय मंडळाच्या कक्षेतील धाराशिव जिल्हाही, जो तेव्हा उस्मानाबाद होता, इतर महाराष्ट्राप्रमाणे तासन्‌तास ताटकळत राहिला. अलीकडे निकाल एकाहून अधिक संकेतस्थळांवर व डिजिलॉकरवरही मिळतो.

हा प्रसंग शिक्षणखात्याचा असला तरी व्यापाऱ्याने तो नीट पाहावा. भूम-कुंथलगिरी परिसरातील खवा-पेढा असो की कापड, बियाणे वा दागिने, मागणी आता मोबाइलवरून येऊ लागली आहे. संकेतस्थळ ज्या यंत्रावर राहते ती जागा, म्हणजेच होस्टिंग, बहुधा भाड्याची असते. दुकानाचा गाळा घेताना दहा वेळा रस्ता पाहणारी पेढी ही जागा मात्र वर्षाचे भाडे तेवढे विचारून घेते, हे नवलच.

तुळजापूरचे लॉजवाले हे गणित पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. नवरात्रात आणि कोजागरीला लाखो भाविक येतात, सोलापूरहून पायी येतात. पण त्या गर्दीइतक्या खोल्या कोणी कायमच्या बांधून ठेवत नाही. होस्टिंगचेही तसेच आहे. स्वस्त सामायिक होस्टिंग म्हणजे एकाच खोलीत अनेक पथाऱ्या. शेजाऱ्याकडे वर्दळ वाढली की आपली झोप उडते. व्हीपीएस म्हणजे स्वतंत्र खोली, पण आकार ठरलेला. क्लाउडमध्ये गर्दीच्या वेळी खोल्या आपोआप वाढवता येतात व नंतर सोडताही येतात. मात्र त्यासाठी संकेतस्थळ तसे बांधलेले असावे लागते, आणि वाढीची व खर्चाची मर्यादा आधी घालून द्यावी लागते. अन्यथा महिनाअखेरचे बिल पाहून धक्का बसतो.

गर्दी किती, हे विक्रेत्याला सांगताना महिन्याचा आकडा उपयोगाचा नसतो. समजा, एखाद्या पेढीच्या संकेतस्थळावर महिन्याला ३ लाख पाने उघडली जातात. सरासरी काढली तर साधारण नऊ सेकंदांना एक पान; त्याला कोणतेही यंत्र पुरेल. पण दिवाळीची सवलत सकाळी दहाला सुरू झाली आणि दहा मिनिटांत ६,००० ग्राहकांनी प्रत्येकी पाच पाने उघडली, तर सेकंदाला ५० पाने झाली. बोलणी या ५० च्या आकड्यावर व्हावीत. करारापूर्वी तेवढी कृत्रिम गर्दी सोडून चाचणीही घ्यावी. पुष्कळदा अशा चाचणीत दिसते की गल्ले दहा असले तरी वही लिहिणारा मुनीम एकच आहे: पाने भराभर उघडतात आणि मागणीची नोंद करणारा डेटाबेस अडतो. तिथे जागा बदलून काही साधत नाही, रचना सुधारावी लागते.

यंत्र कुठे आहे, हेही विचारावे. ग्राहक महाराष्ट्रातला असेल तर अमेरिकेतील यंत्र कशासाठी? काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. तेथे जाऊन येण्यातच प्रत्येक विनंतीमागे सेकंदाचा आठवा हिस्सा तरी जातो, आणि एका पानामागे अशा अनेक फेऱ्या होतात. अ‍ॅमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ पासून, गूगलचे २०१७ पासून चालू आहे; मायक्रोसॉफ्टचे पुण्यात आहे. देशी कंपन्याही आहेत.

‘९९.९ टक्के अखंड सेवा’ या शब्दांनी भुलू नये. उरलेला दशांश टक्का म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास, आणि हिशेब वर्षाचा असेल तर ते नेमके धनत्रयोदशीला आले तरी करार मोडत नाही. भरपाई मिळते ती बहुधा पुढच्या बिलातील सवलतीच्या रूपाने. बुडालेल्या विक्रीची जबाबदारी कोणी घेत नाही. म्हणून मदतीसाठी रात्री अकराला फोन कोण उचलतो, हा प्रश्न टक्केवारीहून महत्त्वाचा. सही करण्यापूर्वी एकदा रात्री अकराला फोन लावून पाहावा.

मात्र सर्वांत मोठी जोखीम गर्दीची नव्हे, जमाखर्चाची आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीचे डेटा सेंटर जळाले. लाखो संकेतस्थळे बंद पडली, आणि ज्यांनी प्रत दुसरीकडे ठेवली नव्हती अशा अनेकांची माहिती कायमची गेली. २०२४ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिनिधीचा गूगल क्लाउडवरील खासगी क्लाउडच चुकीने पुसला गेला. सहा लाखांहून अधिक सभासद सुमारे आठवडाभर खोळंबले, पण दुसऱ्या कंपनीकडे प्रत ठेवलेली असल्याने निधी सावरला. आगीच्या भयाने एक वही घरी ठेवण्याची जुन्या पेढ्यांची रीत इथे तंतोतंत लागू पडते: रोजची एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या गावी. आणि ती परत उघडते की नाही, हे तीन महिन्यांतून एकदा उघडूनच पाहावे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार ग्राहकांच्या माहितीची जबाबदारी पेढीचीच राहते, यंत्र कोणाचेही असो.

शेवटचा मुद्दा किल्ल्यांचा. संकेतस्थळाचे नाव, होस्टिंगचे खाते आणि त्याचा ओटीपी जाणारा मोबाइल क्रमांक पुष्कळदा ते बनवून देणाऱ्याच्या नावावर असतात. तो नोकरीसाठी पुण्याला गेला की नूतनीकरणाची सूचना त्याच्या ईमेलवर पडून राहते आणि पेढीचे नाव बाजारात मोकळे होते. नवी जागा शोधण्याआधी ही तिन्ही खाती पेढीच्या नावावर करून घ्यावीत. जागा बदलायची वेळ आली तरी त्यांच्याशिवाय सामान हलत नाही.