नावं ठेवणारे

आमच्या भागात माणसाला दोन नावं असतात. एक पाळण्यात ठेवलेलं आणि एक पारावर ठेवलेलं. पाळण्यातलं नाव सातबाऱ्यावर जातं, पारावरचं तोंडोतोंडी जातं. सातबाऱ्यावरचं चुकलं तर तलाठ्याकडं खेटे घालून दुरुस्त करता येतं. पारावरच्या नावाला दुरुस्तीचा अर्ज नाही.

मी स्वतः असं एक नाव ठेवलेलं आहे. थोरल्या चुलतभावाला. त्याला आम्ही सगळे आप्पा म्हणतो. त्याचा बांध माझ्या बांधाला लागून. माणूस कष्टाळू, पण त्याचं कायम तळ्यात-मळ्यात. मृगाचा पहिला पाऊस पडला की सगळ्या शिवारात तिफणी चालू व्हायच्या आणि हा बियाण्याची थैली बांधावर ठेवून, खाली बसून माती मुठीत दाबून बघायचा. वर आभाळाकडं बघायचा. पुन्हा माती. मग थैली खांद्यावर टाकून घरी. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी त्या वेळी पंचविशी-तिशीतला, दहावी पास, घरचा कारभार नुकताच हातात आलेला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर जुनं लंबकाचं घड्याळ होतं. एकदा हॉटेलवर चहा पिता पिता मी म्हणालो, "आमचा आप्पा म्हंजे ते घड्याळ. इकडून तिकडं, तिकडून इकडं. जागा काही सोडत न्हाई." सगळे हसले. त्या दिवसापासून आप्पाचा 'लंबक' झाला. मला त्याचा मोठा अभिमान वाटला होता, हे आज लपवत नाही.

माझं उलटं होतं. एक घाव दोन तुकडे. ठरवलं म्हणजे ठरवलं. गावात अशा माणसाला मान असतो. 'त्याचं काम रोखठोक' म्हणतात. पण एक घाव दोन तुकडे करणाऱ्याला कुणी हे विचारत नाही, की तुकडे कशाचे झाले.

आप्पा बांधावर बसून काय करत होता, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. आज कृषी विद्यापीठवाले टीव्हीवर, मोबाईलवर सांगतात, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आप्पाकडं मिलिमीटर नव्हता, मूठ होती. वल किती खोल गेली ते तो बघायचा. आम्ही पहिल्या शिडकाव्यावर पेरून मोकळे व्हायचो आणि पंधरा दिवसांच्या उघडिपीत मोड करपला की दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणायचो. पण दुबार पेरणाऱ्याला कुणी नाव ठेवत नाही. त्याचं नशीब खोटं असतं. थांबणाऱ्याचा मात्र स्वभाव खोटा असतो.

आता कुणी म्हणेल, तुम्ही धरसोडीची वकिली करता. तसं नाही. आप्पानं धरसोडीपायी नुकसानही करून घेतलंय. 2021 च्या ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. तो आकडा त्याच्या डोक्यात बसला. पुढचा माल आला तर आज विकू का उद्या विकू करत त्यानं घरात थप्पी लावून ठेवली. सहा हजार आले तेव्हा सात येतील म्हणाला, पाच आले तेव्हा घाबरला आणि शेवटी साडेचार हजारांनी घातली. म्हणून थांबणं चांगलं का घाव घालणं चांगलं, हा वादच मी घालत नाही. माझं भांडण नाव ठेवणाऱ्यांशी आहे. आणि त्यात पहिला मी आहे.

2012 चा दुष्काळ आमच्या जालना जिल्ह्यानं कसा काढला ते ज्यानं काढला त्यालाच ठाऊक. जायकवाडी तळाला गेलेलं, जालना शहरात टँकर, तर खेड्यांची काय कथा. माझी अडीच एकर मोसंबी होती, सव्वातीनशे झाडं, सात वर्षांची. नुकती कुठं भरात येत होती. आप्पाची दोनशे. पौषातच दोघांच्या विहिरी बसल्या. मी एका रात्रीत ठरवलं, बाग वाचवायची. लेकरासारखी वाढवलेली झाडं सोडायची कशी? टँकर लावले. दर तिसऱ्या दिवशी दोन. एका झाडाला पाऊणशे लिटरसुद्धा येत नव्हतं. हजाराचा टँकर मार्चात दोन हजारांवर गेला. घरातली म्हणाली, "आवो, निम्मी झाडं सोडा, निम्म्यालाच घाला." मी म्हणालो, "एकदा ठरवलं ते ठरवलं." हातउसने घेऊन सव्वा लाख रुपये त्या मातीत ओतले. मेच्या मध्याला टँकरवाल्याचीच विहीर आटली. वीस दिवसांत बाग उभी वाळली. आणि त्या साली पाऊस जूनच्या सुरुवातीलाच आला, चांगला आला. वाळलेल्या झाडांवरून पाणी निथळताना मी बघितलंय.

आप्पानं काय केलं? त्याच्या स्वभावाप्रमाणं काहीच धड केलं नाही. एक टँकर आणला, पैसे मोजताना हात कापला म्हणून बंद केला. मग फांद्या छाटल्या. मग आळ्यात सोयाबीनचं भुसकट पसरलं. मग विहिरीजवळच्या झाडांना घागरीनं पाणी घातलं, लांबची सोडून दिली. आज हे, उद्या ते. त्यात ऐंशी झाडं जगली.

आता गाव बघा. जून 2013 ला तोच पार, तेच हॉटेल. आप्पा 'धोरणी' झाला. "थंड डोक्याचा माणूस हाय बाबा," असं म्हणायला लागले. आणि मी? कालपर्यंत जिद्दीचा होतो, आता 'हेकट' झालो. "बायकोचं ऐकलं आसतं तर निम्मी वाचली आसती," असं मला तोंडावर ऐकवणारे तेच लोक होते, ज्यांनी जानेवारीत पाठ थोपटली होती. बरं, पुढं ऐका. 2014 च्या मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली. आप्पाच्या त्या ऐंशी झाडांचा फुलोरा, सेटिंग, सालीसकट झोडपून गेलं. आठ दिवसांत हॉटेलवर नवा निकाल लागला, "तवाच मोडायची होती ती बाग. पण लंबकच तो. तोडू का नको करत बसला." नऊ महिन्यांत एकाच माणसाच्या एकाच कामाला दोन नावं! तिथं गारा पडल्या नसत्या तर तो धोरणीच राहिला असता. मग हे नाव आप्पाचं का गारांचं?

हाच माझा मुद्दा आहे. आपण माणसाला नाव ठेवत नाही, निकालाला ठेवतो आणि ते माणसाच्या कपाळावर डकवतो. निर्णय घेताना त्याच्यापुढं काय होतं, खिशात किती होते, आभाळ काय सांगत होतं, घरात कोण आजारी होतं, हे कुणी बघत नाही. सुगी झाल्यावर सगळेच शहाणे. फलाणं पेरायला पाहिजे होतं, हे सांगायला काय लागतं? 2015 ला तुरीची डाळ दोनशे रुपये किलोला गेली. सरकारनंही सांगितलं, तूर लावा. 2016 ला आम्ही लावली, पाऊस झाला, पीक उदंड आलं. बोनस धरून हमीभाव 5,050 रुपये क्विंटल, आणि खरेदी केंद्रावर बारदाना नाही म्हणून आठ आठ दिवस वाहनं उभी. कंटाळून व्यापाऱ्याला चार हजाराच्या आत-बाहेर देऊन घरी आलो. तेव्हा शहाण्यांनी लिहिलं, शेतकरी मेंढरासारखा एकामागं एक जातो. लावली नसती तर म्हणाले असते, शेतकऱ्याला बाजार कळत नाही.

असे उपदेश करणारे बहुतेक एक तारखेला पगार घेणारे असतात. त्यांच्याविषयी मला राग नाही. पण 'निर्णयक्षमता' हा शब्द त्यांनी आमच्यापुढं जपून वापरावा. ज्याचा निर्णय चुकला तरी पुढच्या महिन्याचं किराणा अडत नाही, त्यानं वल नसलेल्या मातीत बी टाकणाऱ्याला ठामपणा शिकवू नये.

कागदावरची नावं तर आणखी वेगळी. मी 2016 च्या मार्चात घरातलीचा दागिना मोडून पीककर्ज भरलं. गल्लीतल्या दुसऱ्यानं भरलं नाही, भरू शकला नाही. बँकेच्या वहीत मी 'नियमित', तो 'थकबाकीदार'. गावात मी इज्जतीचा, तो 'बुडवा'. 2017 ला कर्जमाफी झाली. त्याचे दीड लाखापर्यंत माफ, मला प्रोत्साहनाचे जास्तीत जास्त पंचवीस हजार. एका रात्रीत तो 'हुशार' आणि मी 'येडा'. आम्ही दोघं होतो तिथंच होतो. त्याच्या घरात त्या साली बाळंतपण अडलं होतं आणि माझ्या घरात मोडायला दागिना होता, एवढाच फरक. आणि ज्यानं जीव दिला त्यालाही नाव ठेवायचं सोडत नाहीत. घरच्यांना एक लाखाची मदत द्यायची तर समिती बघते, जमीन नावावर होती का, कर्ज बँकेचं होतं का, तगादा होता का. मग शेरा पडतो, पात्र किंवा अपात्र. मदतीला नियम लागतात हे मला समजतं. पण अपात्र प्रकरण असा शेरा पडला, की गावात तो माणूसच अपात्र होऊन बसतो. त्याच्या बायकोनं ते आयुष्यभर ऐकायचं.

आता निर्णयावर ठाम राहण्याविषयी. मी बरीच वर्षं सांगत फिरलो, की माझं बरोबरच होतं, पाऊस वीस दिवस आधी आला असता तर बाग हसली असती. याला मी ठाम राहणं समजत होतो. ते ठाम राहणं नव्हतं, ती तोंडाची मस्ती होती. ठाम राहणं म्हणजे सव्वा लाख फेडणं. ते मी पाच वर्षं फेडले, कुणाला दोष न देता, आणि त्या फेडण्याविषयी कधी कुठं बोललो नाही. ज्याचं कौतुक करायचं ते कुणाला दिसत नाही आणि जे दिसतं ते बहुधा हेकटपणा असतं. आपली निवड निभावायची ती तिचे पैसे भरून. तीच बरोबर होती असं ओरडून नाही.

आणि जे फेडता येत नाही ते आता सांगतो. 2009 ला आप्पाच्या लेकीला चांगलं स्थळ आलं होतं. पोरगा नोकरीला, घर बरं. पाहुणे मुलगी बघून गेले, पसंती झाली. जाताना रीतीप्रमाणं फाट्यावरच्या हॉटेलात चहाला थांबले आणि घराण्याची चौकशी केली. तिथं कुणीतरी हसत हसत सांगितलं, "माणूस चांगलाय, पण आम्ही लंबक म्हणतो त्याला. आज हो म्हणंल, उद्या न्हाई." आठ दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आला. मी तिथंच ओसरीवर बसलेलो. मध्यस्थ म्हणाला, "पाहुणे म्हणतेत, शब्दाला पक्का नसलेल्या घरी सोयरीक नको." आप्पानं माझ्याकडं बघितलं नाही. तो मध्यस्थाला एवढंच म्हणाला, "चहा घेऊन जा."

ज्या माणसानं आयुष्यात एकाचा रुपया बुडवला नाही तो शब्दाचा कच्चा ठरला, कारण मला एकदा हॉटेलात हशा पाहिजे होता. पुढं दोन वर्षांनी पोरीचं लग्न झालं, ती सुखात आहे. पण ते माझं पुण्य नाही.

माझी बाग वाळली तेव्हा हॉटेलातल्यांनी आप्पाला मुद्दाम विचारलं होतं, "काय आप्पा, तुमच्या भावानं चूक केली का न्हाई?" सगळ्यांना वाटलं आता हा हिशेब चुकता करणार. आप्पा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्याच्या जागी मी आसतो तर काय केलं आसतं, सांगता येत न्हाई बाबा." लोक पुन्हा हसले. घ्या, इथंही ठरंना याचं! मी कोपऱ्यात होतो. मला हसू आलं नाही. ज्या सवयीला मी लंबक म्हटलं, त्याच सवयीनं त्यानं मला नाव ठेवायचं टाळलं होतं.

त्या दिवसापासून ते नाव मी तोंडातून काढत नाही. कुणाला 'धरसोड्या' म्हणायचं असलं तर आधी त्याच्या बांधावर एक जून काढावा, असं मी पोरांना सांगतो. पण शब्द आपला राहत नाही. गेल्या साली आप्पाचा नातू शाळेतून येत होता आणि मागनं चार पोरं ओरडत होती, "ए लंबक्या!" त्या पोराला ना तिफण ठाऊक ना ग्रामपंचायतीतलं घड्याळ. ते घड्याळही कधीच मोडीत गेलं. मी त्या पोरांना थांबवलं, दटावलं. त्यातलं एक धीट होतं. म्हणालं, "आजोबा, हे नाव तुम्हीच ठेवलेलं हाय म्हणे."

मी म्हणालो, "हो. मीच ठेवलं. आणि ते खोटं हाय."

पोरं जराशी थांबली. मग वळणावर जाऊन पुन्हा ओरडली.