घरातली शाळा आणि शेजारचे मूल

आपल्या मुलांना शाळेत न पाठविता घरीच शिकविणारी कुटुंबे पुण्या-मुंबईसारख्या शहरांत आता अपवादात्मक राहिलेली नाहीत. घोकंपट्टी, गुणांची जीवघेणी स्पर्धा, खाजगी शाळांची न परवडणारी फी आणि मुलांच्या जिज्ञासेची सर्रास होणारी गळचेपी ही या पालकांची कारणे आहेत, आणि ती बहुतांशी खरी आहेत. पुरोगामी चळवळीतील अनेक घरांतूनही या विचाराला सहानुभूती मिळते. तथापि मूल शाळेबाहेर पडले की दुसऱ्याच दिवशी एक अगदी व्यावहारिक प्रश्न उभा राहतो : त्याच्या हातात द्यायचे काय? नेमक्या याच क्षणी बाजार दारात येऊन उभा असतो.

परदेशी अभ्यासक्रमांचे तयार संच, गुळगुळीत लाकडी साधने, चकचकीत चित्रकार्डे, महिन्याच्या वर्गणीवर मिळणारे संगणकीय धडे, असा या बाजाराचा पसारा आहे. शाळेच्या फीमधून सुटलेला पालक अशा रीतीने दुकानाच्या गल्ल्यापाशी येऊन पोहोचतो. जितके महाग साधन तितके चांगले शिक्षण, ही समजूत त्याने शाळेबरोबर टाकून दिलेली नसते. ती त्याच्यासोबत घरात आलेली असते.

या समजुतीचा पोकळपणा ज्या साधनांच्या इतिहासात दिसतो, ती साधने याच दुकानांत मांडलेली असतात. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली आपले पहिले बालगृह उघडले ते रोममधील सान लोरेंझो या कामकऱ्यांच्या दरिद्री वस्तीत. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांवर आणि अंगणांत भटकणाऱ्या मुलांसाठी ते होते. त्याच पद्धतीच्या नावाने आज जी साधने विकली जातात ती घेणे कामगाराच्या घराला परवडणारे नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधून ठेवले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा माँटेसरींचे तत्त्व त्यांनी घेतले, परंतु महागडी साधने मात्र नाकारली. शिंपले, बिया, खडे, पाने, माती यांतून मुले मोजू लागली, रंग आणि आकार ओळखू लागली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळा वस्तीच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने ती गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांमागे कुरणातही गेली. साधन साधे ठेवल्यामुळेच शाळेला असे फिरता आले.

विज्ञानाच्या बाबतीत हीच कामगिरी मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात झाली. १९७२ साली १६ ग्रामीण शाळांतून तेथे एक प्रयोग सुरू झाला. पुस्तक पाठ करण्याऐवजी मुलांनी स्वतः करून पाहावे, निरीक्षण लिहावे, शेतावर आणि ओढ्यावर जावे, आणि परीक्षेलाही पुस्तके व वह्या सोबत न्याव्यात, असे त्याचे स्वरूप होते. १९७८ साली नोकरीतून रजा घेऊन तेथे गेलेले तरुण अभियंते अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्रिकोण, चौकोन आणि घनाकृती उभ्या केल्या. काही आण्यांच्या सामानात भूमितीचा धडा झाला. राज्य सरकारने २००२ साली हा कार्यक्रम बंद केला. परंतु त्यातून निर्माण झालेली पुस्तके 'एकलव्य' संस्थेने टिकवून धरली. गुप्ता यांनी मराठीसह अनेक भाषांतील शेकडो पुस्तके संगणकावर सर्वांना विनामूल्य खुली करून दिली आहेत.

सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले साहित्यही विपुल आहे. 'बालभारती'ची स्थापना १९६७ सालची. तिची पाठ्यपुस्तके आज कोणालाही संगणकावरून फुकट उतरवून घेता येतात. तिचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके अजूनही स्वस्त आहेत. पुढे परीक्षा द्यायची झाल्यास १९८९ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १४ वर्षांवरील मुलांना दहावीच्या तोडीची परीक्षा देऊ देते. या पुस्तकांत दोष नाहीत असे मुळीच नाही. पण ज्या पुस्तकातून राज्यातील लाखो मुले शिकतात, ते आपल्या मुलाच्या हाती असले म्हणजे त्यातील दोषांविषयी बोलण्याचा अधिकार आणि आचही पालकाजवळ राहते.

निवडीची कसोटी किमतीपाशी संपत नाही. पुस्तक कोणत्या भाषेत आहे? आजीशी, भाजीवालीशी, रिक्षाचालकाशी ज्या भाषेत मूल बोलते ती सोडून केवळ इंग्रजी पुस्तकांवर वाढविलेले मूल आपल्याच गल्लीत परके होते. आणि पुस्तकात माणसे कोण आहेत? जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात शेतकऱ्यांच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो हे त्यांनी सुनावले आणि प्राथमिक अभ्यासक्रमात शेतीचे ज्ञान असावे अशी मागणी केली. ज्या पुस्तकात नांगर, चूल, माग, भंगार आणि मैला वाहणारे हात दिसतच नाहीत, ते पुस्तक कितीही सुबक असले तरी अपुरे आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. घरी शिकविणे हीच सार्वजनिक शाळेपासूनची पळवाट आहे, मग पुस्तकांच्या निवडीचा काथ्याकूट कशाला? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांचे मूल शेजारच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले आहे. घरच्या शिक्षणाची वेगळी तरतूद त्यात नाही. आक्षेपात तथ्य आहे. सुस्थित पालक शाळा सोडून जातात तेव्हा शाळेसाठी भांडणारा आवाज क्षीण होतो. परंतु शाळेबाहेरची सगळीच मुले हौसेने बाहेर पडलेली नाहीत. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर कोपीवर जाणारे बीडचे मूलही शाळेबाहेरच असते. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, आणि पहिली ते चौथीचे बहुतेक वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. त्या काळात राज्यातील प्रत्येक घराला शाळा व्हावे लागले. एकीकडे स्वतंत्र खोली, संगणक आणि पुस्तकांचे कपाट होते. दुसरीकडे एकाच फोनभोवती बसलेली तीन भावंडे होती.

म्हणून निवडीचा खरा निकष शेजारच्या मुलाच्या अंगाने लावला पाहिजे. जे साधन त्यालाही मिळू शकेल, जे त्याच्या भाषेत असेल, ज्यात त्याच्या आईबापांचे श्रम सन्मानाने दिसतील आणि जे दोघे मिळून हाताने करू शकतील, ते घ्यावे. कार्यकर्त्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. युनियनच्या कचेरीतील एक कपाट, वस्तीतील समाजमंदिराचा एक कोपरा, रविवारचे दोन तास, आणि घरी शिकविणाऱ्या पालकांच्या माळ्यावर वाचून पडलेली पुस्तके, एवढ्या भांडवलावर बालवाचनालय सुरू होते. सवड आणि शिक्षण या दोन गोष्टी ज्या पालकांपाशी आहेत, त्यांनी ते दोन तास स्वतःच्या मुलासह तेथे द्यावेत; आणि वस्तीतील महापालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेत ग्रंथालय का नाही, हा प्रश्न त्याच मुलांच्या आईबापांना बरोबर घेऊन मुख्याध्यापकांपुढे आणि अधिकाऱ्यांपुढे मांडावा.